डोलकाठीवरचं घर

सिराजुद्दीन मिस्त्रींच्या आणि आमच्या घराच्या मध्ये चिऱ्याचा गडगा आहे. छातीइतका उंच. माझ्या नवऱ्यानं, म्हणजे सदा मास्तरांनी, तो सोळा वर्षांपूर्वी घातला आणि त्या दिवसापासून हे दोघे एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. सिराजभाईंचं म्हणणं, गडगा त्यांच्या जागेत सरकलाय. मास्तरांचं म्हणणं, मिस्त्रीला होडी मोजता येते, जमीन मोजता येत नाही. आम्हा बायकांचं मात्र काही बिघडलं नव्हतं. रहिमुन्निसाभाभी, म्हणजे सिराजभाईंची बायको, ईदला शिरखुर्म्याचं पातेलं गडग्यावर ठेवायची, मी गणपतीत मोदकांचं ताट ठेवायचे. दोघे पुरुष आपापल्या ओटीवर तोंडं फिरवून बसायचे आणि दोन्हीकडचं चाटूनपुसून खायचे.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण गोष्ट सिराजभाईंची आहे आणि तिच्यात मी फारशी चांगली दिसत नाही. बत्तीस वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवलं. दुसऱ्याच्या पाटीवर ‘चूक’ लिहायला माझा हात पटकन उठतो. स्वतःच्या पाटीची गोष्ट निघाली की तो जरा जड होतो.

सिराजभाई आता एकाहत्तर वर्षांचे. दिघीच्या खाडीकाठच्या आमच्या गावात लाकडी होडी बांधणारा हा शेवटचा माणूस. उंचीनं बेताचे, पण बोटं अशी जाड की चहाचा कप त्यांच्या हातात भातुकलीतला वाटतो. त्यांच्या घराशेजारी कौलारू शेड होती. तिच्यात त्यांनी आयुष्यभरात एकतीस होड्या बांधल्या. फळीवरून हात फिरवा, कुठं अडकला तर होडी फुकट न्या, असं ते गिऱ्हाइकाला सांगायचे. कोणाचा हात कधी अडकला नाही.

त्यांचा एक रिवाज होता. होडी पहिली फेरी करून धक्क्याला परत आल्याशिवाय तिच्यावर नाव घालायचं नाही. “दर्या बघून परत आली की मग ती कोणीतरी झाली,” असं म्हणायचे. होडी परत आली की मास्तरांना बोलावणं यायचं. सिराजभाईंचं मराठी अक्षर म्हणजे कोंबडीनं पाय पुसल्यासारखं, म्हणून मास्तर खडूनं नाव लिहून द्यायचे आणि सिराजभाई त्यावर रंग भरायचे. खाडीतल्या तीस होड्यांवर माझ्या नवऱ्याचं अक्षर होतं. एकतिसावी होडी गडगा घातला त्याच वर्षी तयार झाली. तिचं नाव ‘रहमत’ ठरलं होतं. ती पहिली फेरी करून आली, पण सिराजभाईंनी बोलावलं नाही आणि मास्तर आपण होऊन गेले नाहीत. तिच्यावर नुसता नंबर पडला. नाव शेवटपर्यंत पडलं नाही.

मग सगळीकडे फायबरच्या होड्या आल्या आणि सिराजभाईंच्या हातात फक्त डागडुजी उरली. सात वर्षांपूर्वी मास्तर गेले. सिराजभाईंनी खांदा दिला आणि माझ्याशी न बोलता घरी गेले. तीन वर्षांपूर्वी त्या एकतिसाव्या होडीच्या मालकानं ती मोडायला काढली, तेव्हा तिच्या सागाच्या फळ्या आणि डोलकाठी सिराजभाईंनी मागून आणली आणि ताडपत्रीखाली झाकून ठेवली. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस त्यांच्या मुलाचा, नदीमचा, मस्कतहून फोन आला. चौदा वर्षं झाली, आता परत यायचंय, म्हणाला. मुंबईकडून मुरूडमार्गे येणारी माणसं आगरदांड्याला फेरीबोटीत बसतात, दिघीला उतरतात आणि दिवेआगरकडे पळतात. वाटेत आपल्याकडे चार खोल्या असल्या तर राहतील की. शेडच्या जागी बांधू. सिराजभाई एका शब्दात हो म्हणाले. त्यांची सून आफिया त्या दिवशी माझ्याकडे येऊन आनंदानं रडली. ती पलीकडच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते, रोज फेरीबोटीनं जाते-येते. एरवी कडक मुलगी आहे. “बाई, लग्नाला सहा वर्षं झाली आणि एकत्र राहिलो ते सगळे दिवस मिळून वर्षसुद्धा भरत नाही,” म्हणाली. बांधकामाला गावातला ठेकेदार प्रीतम ठरला. नदीम रमजान ईदला येणार आणि ईद झाली की तिसऱ्या दिवशी शेड पाडायची.

आणि मग सिराजभाईंना आठवलं की शेडमध्ये भाडेकरू आहेत.

छपराचे वासे त्यांनी जोडून घातले होते, दोन-दोन एकत्र, मध्ये फट ठेवून. त्या फटींमध्ये पाकोळ्या राहायच्या. पाकोळी म्हणजे इवलंसं वटवाघूळ, अंगठ्याएवढं. पेरू-चिकू खाणारी ती मोठी वाघळं वेगळी. ह्या फक्त किडे आणि डास खातात. मला दोन्ही सारखीच ओंगळ वाटायची. कोरोनाच्या वेळी टीव्हीवर जे काही ऐकलं होतं ते डोक्यात घट्ट बसलं होतं, आणि त्याआधीही काही प्रेम नव्हतं. “धूर करा, जातील उडून,” असा सल्ला मी गडग्यावरून न विचारता दिला.

सिराजभाईंनी माझ्याकडे बघितलं. “बाई, चाळीस वर्षं मी घड्याळ बांधलं न्हाय. ह्या बाहेर पडल्या की मी हत्यारं ठेवायचो. माझ्याच छपराखाली जन्मल्यात. नदीमसाठी शेड जाऊ दे, खुशाल जाऊ दे. पण ह्यांना बेघर करून मी त्या खोल्यांत कसा झोपू?”

त्यांना काय हवं होतं ते इतकं साधं होतं. ईदच्या आत पाकोळ्यांना दुसरं घर. पण त्यामागे आणखी एक गोष्ट होती, ती मला भाभीनं सांगितली. फोनवर नदीम प्रेमानंच म्हणाला होता, “अब्बा, खोल्यांचं लाकूडकाम रेडिमेड घेऊ, तुमचे हात आता थकले.” त्या रात्री सिराजभाई जेवले नव्हते.

आफियानं फोनवर वाचून, कुठून कुठून चित्रं काढून सासऱ्यांना समजावलं. पेटी कसली, चपटं पाकीटच ते. दोन-तीन फळ्या अंगठ्याएवढी जागा सोडून एकमेकींना लावायच्या, वर उतरती टोपी, खालून उघडं. पाकोळी खालून येते, फळीला नखं रोवते, वर सरकते आणि उलटी लटकते. म्हणून आतली बाजू खडबडीत ठेवायची.

“खडबडीत माझ्या हातून निघणार न्हाय,” सिराजभाई म्हणाले. “लोक काय बोलतील?”

“लोक? अब्बा, आत पाकोळ्या राहणार आहेत!”

“मग त्या तरी काय बोलतील?”

ताडपत्री उघडली आणि त्या बिननावाच्या होडीच्या फळ्या बाहेर आल्या. दिवाळीपर्यंत सिराजभाईंनी तीन पेट्या केल्या आणि अशा केल्या की मी, वटवाघळांची वैरीण, गडग्याजवळ उभी राहून बघत बसले. आतून-बाहेरून रंधा मारलेला. सांध्यांत कापसाची वात ठोकून बसवलेली, वर राळ आणि तेल. पाण्यात सोडल्या असत्या तर तरंगत मुरूडला गेल्या असत्या.

टांगल्याही होडीवाल्यासारख्याच. एक खाडीकडच्या माडावर, वारा लागावा म्हणून. दुसरी शेडच्या पश्चिमेच्या भिंतीवर, ऊन भरपूर म्हणून. तिसरी स्वतःच्या ओटीच्या कोपऱ्यात दिव्याखाली, बसल्या बसल्या दिसावी म्हणून. आफियानं कपाळाला हात लावला. पण सासऱ्यांना शिकवायचं किती, ह्याला सून म्हणून काही मर्यादा आहेच.

माडावरच्या पेटीत आठ दिवसांत उंदीर राहायला आला. माड डुलतो, झावळ्या पडतात, आणि उंदराला खोडावर चढायला शिडी लागत नाही. पश्चिमेची पेटी दुपारभर अशी तापायची की वितळलेल्या राळेचा वास माझ्या स्वयंपाकघरात यायचा. दिव्याखालच्या पेटीत पालींनी बस्तान बसवलं. दिव्यावर किडे येतात आणि किड्यांवर पाली, त्यांना तर दारातच जेवण. डिसेंबर सरला तरी पाकोळी एकही नाही. येणारे-जाणारे विचारायचे, “मिस्त्री, किती भाडं ठेवलंय?” सिराजभाई हसायचे, पण ते हसणं बरं नव्हतं.

जानेवारीत एका सकाळी मी तुळशीला पाणी घालत होते आणि पलीकडून आफियाचा आवाज आला, “अब्बा, हात लावू नका!” गडग्यावरून बघितलं तर त्यांच्या ओटीखाली जमिनीवर एक पाकोळी पडलेली, पंख अर्धवट पसरून. जिवंत होती. जमिनीवरून तिला काही उडता येईना. आफियानं जाडं फडकं हाताला गुंडाळून तिला सुपात घेतलं आणि शेडमधल्या खांबाला लावलं. ती पंख दुमडतो तिथल्या नखानं खांब पकडत, लंगडल्यासारखी पण भराभर वर गेली आणि फटीत दिसेनाशी झाली.

सिराजभाईंनी ती वर जाताना नीट पाहिली. मग ओटीवरची पेटी त्यांनी खाली उतरवली, आत बॅटरी मारली. गुळगुळीत सागावर बारीक बारीक ओरखडे होते, वरून खालपर्यंत. कुठंच न थांबलेले.

“आली होती,” ते म्हणाले. “पकडायला काही गावलं न्हाय तिला. बाई, माझ्या कामावरून घसरली ती.”

इतक्या वर्षांत त्यांनी आपण होऊन माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य असेल. ज्या गुळगुळीतपणावर माणसानं आयुष्य काढलं तोच दुसऱ्याला जमिनीवर आपटतो, हे एकाहत्तराव्या वर्षी कळणं सोपं नाही. मला त्यांची फार दया आली आणि थोडी माझीही, का ते तेव्हा कळलं नाही.

दुपारी भाभीची आरडाओरड ऐकू आली. सिराजभाई शिडी लावून छपराशी पोचले होते आणि वाशांच्या फटीत अंगठा घालून बघत होते. अंगठा नेमका मावत होता. आतलं लाकूड करवतीनं कापलं तसंच होतं, रंध्याचा स्पर्शसुद्धा नाही. “छपराच्या लाकडाला कोण रंधा मारतो?” खाली उतरल्यावर म्हणाले. “तिशीत होतो, पावसाच्या आधी कसंबसं उरकलं होतं. माझं सगळ्यांत गचाळ काम. आणि ह्यांना तेच आवडलं.”

नवीन पेट्यांना त्यांनी होडीच्या फळ्या घेतल्या नाहीत. तेरा वर्षं माशाचं तेल प्यालेल्या लाकडाचा वास पाकोळ्यांना नको होता, हेही आता त्यांनी मानलं. शेडच्या आतल्या आडोशाच्या जुन्या फळ्या काढल्या. कधी तेल न लावलेल्या, पाकोळ्यांचाच वास मुरलेल्या. वर पटाशीनं आडव्या खाचा पाडायच्या होत्या, बोटाबोटाच्या अंतरावर. पहिली खाच मारताना त्यांनी दातावर दात दाबले. दहाव्या खाचेनंतर हात सैल झाला. संध्याकाळी आफियाला फळी दाखवून म्हणाले, “बघ, वाईट जमलंय का?” ती म्हणाली, “खूप वाईट, अब्बा.” दोघंही हसली.

पेट्या दोन झाल्या. आता जागा. ह्या वेळी घाई नव्हती. माडावर नको, भिंतीवर नको, मोकळ्यात खांब रोवायचा आणि त्याला ती डोलकाठी घ्यायची, हे सिराजभाईंनी ठरवलं. खांबाला खाली गुळगुळीत पत्रा गुंडाळला की उंदीर चढणार नाही. पण खांब कुठं? आठ दिवस ते स्टूल घेऊन अंगणात बसले. सकाळी ऊन कुठं पडतं, दुपारी सावली कुठं येते, तिथं काठ्या रोवायच्या. सकाळचं कोवळं ऊन पाहिजे, दुपारचं रणरणतं नको. पावसाची झड नैऋत्येकडून येते, तिकडे पेटीची पाठ हवी. आसपास झाडाची फांदी नको, रस्त्याचा दिवा नको, खाली मोकळं, कारण पाकोळी आधी खाली झेप घेते आणि मग उडते. आणि संध्याकाळी त्या शेडमधून निघून कुठून जातात ती वाट बघायची, म्हणजे घर त्यांच्या वाटेवरच पडेल.

रोज एक एक काठी पुढे सरकत होती. नवव्या दिवशी काठ्या गडग्याला येऊन टेकल्या आणि तिथंच थांबल्या.

मी रोज बघत होते. मला न सांगता समजलं. पाकोळ्या शेडमधून निघायच्या त्या गडग्यावरून, माझ्या विहिरीवरून खाडीकडे जायच्या. दुपारी तीननंतर सिराजभाईंच्या घराची सावली गडगा ओलांडून माझ्या अंगणात यायची. गडग्याच्या अलीकडे, माझ्या बाजूला, हातभर अंतरावरची ती जागा. एक झाड नाही, दिवा नाही. मे महिन्यात मी तिथं आमसुलं वाळत घालते. आफिया टेप घेऊन आली, गडग्याशी उभी राहिली, माझ्याकडे बघितलं आणि “काही नाही, बाई,” म्हणून परत गेली. सिराजभाईंनी तर मान वर केली नाही. त्या जागेवरून ते पुन्हा तोंड उघडणार नव्हते, जीव गेला तरी.

आता माझ्या पाटीवरची चूक सांगते.

मास्तर गेले त्याच्या पुढच्या वर्षी निसर्ग वादळ आलं. माझी कौलं उडाली, ट्रंका भिजल्या. कागद उन्हात वाळत घालताना जुना मोजणीचा नकाशा हाताला लागला. गडगा सिराजभाईंच्या जागेत दीड हात होता. मास्तरांना ते माहीत होतं, कारण नकाशावर त्यांच्याच अक्षरात पेन्सिलीनं ‘१॥ हात’ लिहिलेलं होतं. मी तो नकाशा घडी घालून परत ठेवला आणि मूग गिळून गप्प बसले. मेलेल्या माणसाला खोटं कसं पाडायचं, असं स्वतःला सांगितलं. खरं कारण तेवढंच नव्हतं. मला लाज वाटत होती आणि ती लाज कोणी बघू नये असं वाटत होतं.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी नकाशा घेतला आणि गडग्यावर ठेवला, जिथं आम्ही ताटं ठेवतो तिथं. वर एक चिऱ्याचा तुकडा ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

“सिराजभाई,” मी हाक मारली. “खड्डा खणा. जागा तुमचीच आहे.”

ते आले. नकाशा बघितला, मास्तरांचं अक्षर बघितलं. त्या आकड्यावरून जाडं बोट हळूच फिरवलं.

“मला ठाऊक होतं, बाई,” ते म्हणाले. “मास्तरला पण ठाऊक होतं. आम्हा दोघांना ठाऊक होतं की दुसऱ्याला ठाऊक हाय.”

“मग इतकी वर्षं कशाला?”

“एकदा बोलला असता की सिराज, चुकलो, तर मी म्हणलो असतो ठेव तुझ्याकडं, दीड हातात माझं काय जातंय.” मग म्हणाले, “मी पण जाऊन बोललो असतो की ठेव. न्हाय गेलो. गुन्हा एकट्या तुमच्या बाजूचा न्हाय.”

मी रडले. लपवलं नाही. भाभी पलीकडून धावत आली आणि तिला वाटलं कोणी गेलं की काय.

डोलकाठी उभी करायला गावातली आठ माणसं लागली. दोर बांधून, “हैय्या” करत, होडीवर चढवतात तशीच. चार फूट जमिनीत, सोळा फूट वर. वर दोन पेट्या शेजारी शेजारी, उगवतीकडे तोंड करून. बाहेरून फक्त चुना, आतून काही नाही. दुसऱ्या आठवड्यात रमजान लागला.

तो महिना मी विसरणार नाही. रोजा सुटायची वेळ आणि पाकोळ्यांची निघायची वेळ पाठोपाठची. अजान झाली की सिराजभाई ओटीवर खजूर खाऊन पाणी प्यायचे, मगरिबची नमाज पढायचे आणि गडग्याशी येऊन उभे राहायचे. मी अलीकडे. आफिया शेडच्या तोंडाशी, मोजत. शेडमधून रोज साठ-सत्तर निघायच्या. पेट्यांतून काही नाही.

पंधरावा रोजा झाला तरी काही नाही. मग सिराजभाईंनी छपराची कौलं स्वतः उतरवायला घेतली. रोज एकच ओळ, ती पण पाकोळ्या बाहेर पडल्यावर. आफिया आधी फटीफटीत बॅटरी मारून बघायची, पिल्लू तर नाही ना. पिल्लं अजून झाली नव्हती. एकदा ती झाली असती तर काहीच करता आलं नसतं. उघड्या फटींत उजेड शिरला, वारा शिरला, पाकोळ्या पुढच्या ओळीत सरकल्या. आकडा उतरायला लागला. पन्नास. चाळीस. तीस. बाकीच्या गेल्या कुठं? पेट्यांत तर नाहीत.

“बाई, मला तो यायला हवाय,” आफिया एकदा मला म्हणाली. “चौदा वर्षं तिकडे राहिला. पण तो आला आणि अब्बा असे रिकाम्या पेटीकडे बघत बसलेले त्याला दिसले, तर तो म्हणेल मी सांगितलं होतं ना. वाईट मनानं नाही म्हणणार, पण म्हणेल. आणि अब्बा पुन्हा हत्याराला हात लावणार नाहीत.” मी तिला जवळ घेतलं. त्या दिवसापासून संध्याकाळी मी माझ्या मागच्या दाराचा दिवा लावायचा बंद केला. माझ्याच्यानं तेवढंच होण्यासारखं होतं.

एकोणतिसावा रोजा. चाँद दिसतो का बघायला सगळा गाव धक्क्यावर आणि गच्च्यांवर जमला होता. पोरं ओरडत होती. सगळ्यांची तोंडं मावळतीकडे. एकटे सिराजभाई मावळतीला पाठ करून डोलकाठीकडे बघत उभे. मी त्यांच्यासमोर, गडग्याच्या अलीकडे.

डाव्या पेटीच्या खालच्या फटीतून काहीतरी काळं टपकलं. सुपारी पडावी तसं. जमिनीपासून पुरुषभर उंचीवर त्याचे पंख उघडले आणि ते माझ्या विहिरीवरून गेलं.

“एक,” सिराजभाई म्हणाले. आवाज इतका बारीक की मला ओठांवरून समजलं.

दोन. तीन. मग थोडा वेळ काही नाही, आणि मग उजव्या पेटीतून दोन एकदम. धक्क्यावर आरडाओरडा उठला, चाँद दिसला होता. आणि त्याच गलक्यात फाटकातून नदीम आत आला, खांद्याला बॅग, हातात खोका, शेवटच्या फेरीबोटीनं उतरलेला. बाप पाठमोरा.

“अब्बा,” तो हसत म्हणाला, “चाँद तिकडं हाय.”

सिराजभाईंनी मागे न बघता एक बोट वर केलं. “थांब,” म्हणाले. “नऊ.”

नदीम थांबला. बॅग तशीच खांद्यावर ठेवून बापाच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्यानं डोलकाठी ओळखली. मस्कतला जाण्याआधी त्या होडीत बसला होता तो. अकरा झाल्या, मग बारावी बराच वेळ आली नाही, आणि आली तेव्हा मोजली नदीमनं. मग त्यानं बापाचे दोन्ही हात हातात घेतले, उलटसुलट करून बघितले आणि एवढंच म्हणाला, “अब्बा, खोल्यांची दारं तुम्ही करणार.”

“खडबडीत करीन,” सिराजभाई म्हणाले. “चालंल?”

प्रीतमला नदीमनं आठ दिवस थांबवलं. कौलांची शेवटची ओळ उतरली तेव्हा शेडमध्ये एकही पाकोळी नव्हती आणि पेट्यांत छत्तीस होत्या. बाकीच्या कुठं गेल्या ते अजून समजलेलं नाही. दोन पेट्यांची आणखी तयारी चालू आहे आणि आमसुलं मी आता पुढच्या दारी वाळवते.

पण मला सांगायचं आहे ते ईदच्या सकाळचं. नमाज करून, नवा सदरा घालून सिराजभाई गडग्याशी आले. शिरखुर्म्याचं पातेलं भाभीनं आधीच ठेवलं होतं. त्यांच्या एका हातात चुन्याचा डबा आणि ब्रश, दुसऱ्या हातात खडू. पहाटे त्यांनी खाली उभं राहून बॅटरीनं बघितलं होतं. बाराच्या बारा परत आल्या होत्या.

“फेरी करून परत आल्या,” ते म्हणाले. “मास्तर असता तर त्याला बोलावला असता. आता तुमीच या, बाई.”

मी खडू घेतला. “काय लिहू?”

“जे राह्यलं होतं ते.”

डोलकाठीवर, पत्र्याच्या वर, डोळ्यांच्या उंचीवर, मी ‘रहमत’ लिहायला सुरुवात केली. बत्तीस वर्षं फळ्यावर लिहिलेला हात, पण ‘ह’ नीट येईना. डोळ्यांत पाणी आलं की अक्षर कुठं जातं ते समजत नाही. शेवटचा ‘त’ तर खालीच घसरला. मी पदरानं पुसायला गेले तर त्यांनी हात आडवा धरला.

“असू द्या, बाई,” ते म्हणाले. “खडबडीत हाय तेच बरं. धरायला होतं.”

मग ब्रश बुडवून ते वाकड्या अक्षरांवरून सावकाश चुना फिरवत राहिले. एकही अक्षर त्यांनी सरळ केलं नाही.